साईड मिररमध्ये आपलीच गाडी किती बघायची?

बेळगावात कुणाच्याही कारमध्ये ड्रायव्हर सीटवर बसून बघा, साईड मिररच्या बऱ्याच भागात आपलंच मागचं दार दिसत असतंय. अरे ते दार कुठं पळून जाणाराय, गाडीलाच आहे की! बघायची असते ती शेजारची लेन.

1995 ला जॉर्ज प्लॅट्झरनी एसएई या ऑटोमोबाईल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी यावर पेपर लिहिला, तिकडं अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडं बसतो म्हणून आपण उलटं करून घ्यायचं. आधी सीट नीट, मग आतल्या आरशात मागची काच पूर्ण बसवायची, मग डोकं उजव्या खिडकीला टेकवायचं आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत उजवा आरसा बाहेर फिरवायचा. डाव्यासाठी डोकं गाडीच्या मधोमध आणून तसंच. सरळ बसलात की दोन्हीतनं आपली गाडी गायब. शेजारी बसलेले काका लगेच "आरसा कुणी हलवला रे?" म्हणणार, म्हणू देत.

टेस्ट हायवेला, निपाणीकडं जाताना करा. मागनं ओव्हरटेक करणारी गाडी आतल्या आरशातनं सुटायच्या आत उजव्यात आली पाहिजे, आणि उजव्यातनं सुटायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात. मधे कुठं गायब झाली तर आरसा अजून थोडा हलवा.

आता ऊसाचा सीझन. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं टाकून डावीकडं परत घुसताना लोक डाव्या आरशात बघतात, पण आपल्याकडं बाहेरचा आरसा बहुतेक फुगीर काचेचा असतोय, त्यात ट्रॅक्टर असतो त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतोय आणि आपण लवकर कट मारतो. आतला आरसा सपाट, त्यात ट्रॅक्टर अख्खा दिसला की मगच आत घ्यायची, त्यातही डाव्या अंगानं एखादी ॲक्टिव्हा घुसलेली असू शकते (टिळकवाडीच्या गेटजवळ तर असतेच!) म्हणून मान वळवून एक नजर टाकायचीच, आरसे कितीही छान लावले तरी.

शहापूरच्या बोळात रिव्हर्स घेताना मात्र ही सेटिंग उपयोगाची नाही, गटार दिसत नाही, तेवढ्यापुरता आरसा खाली करायचा. आणि रात्री मागच्यानं हाय बीम मारला तर आतल्या आरशाखाली छोटी दांडी असते बघा, ती ओढा, बऱ्याच जणांना ती कशासाठी आहे तेच माहीत नसतंय.