शेवटच्या स्टँडवरून

गुरुवार, रात्री पावणेबारा

आज आमच्या विद्यार्थी ऑर्केस्ट्राच्या तालमीत मी एक बार, म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण, आधी शिरले. एकटीच! संगीतकार ब्राह्म्सचं 'अ‍ॅकॅडमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर' ही सलामीची रचना चालू होती, रेस्ट, म्हणजे गप्प बसायच्या मात्रा, मोजता मोजता डोकं सकाळच्या प्रयोगशाळेतल्या टायट्रेशनकडे गेलं आणि सगळा ऑर्केस्ट्रा गप्प असताना माझा व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) ठणठणीत बोलला. कंडक्टरने हात थांबवला नाही, नुसतं पाहिलं. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. माझ्या शेजारी मेकॅनिकलचा एक मुलगा बसतो. त्याने तुकडा संपल्यावर पेन्सिल उचलली आणि माझ्या पानावर त्या बारच्या डोक्यावर छोटासा चष्मा काढला. चष्मा म्हणजे 'इथे वर बघ'. काढून झाल्यावर आम्हा दोघांनाही दिसलं, की त्याच जागी पुसट असे दोन चष्मे आधीपासूनच आहेत. पार्ट, म्हणजे व्हायोलाची स्वरलिपी, जुना आहे, कितीजणांच्या हातून गेला असेल कोण जाणे.

हे ओव्हर्चर मला गंमत म्हणून बरं वाटतं. 1879 मध्ये ब्रेस्लाउ विद्यापीठाने ब्राह्म्सला मानद डॉक्टरेट दिली, त्याची परतफेड म्हणून त्याने 1880 मध्ये हे लिहिलं. विद्वज्जड काहीतरी येईल अशी विद्यापीठाची अपेक्षा असणार. याने विद्यार्थ्यांची गाणी ओवून दिली. आमच्यात फिजिक्सवाले, वकिलीवाले, दोन डॉक्टर होऊ घातलेले, आणि मी रसायनशास्त्राची. संगीत हा मुख्य विषय असलेले फार थोडे. हे काही नवं नाही म्हणा. टेलेमान या संगीतकाराने 1702 मध्ये लाइपझिगला कायद्याचा विद्यार्थी असतानाच विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा केला होता, आणि पुढे 1729 मध्ये तो वाद्यवृंद संगीतकार बाखच्या हाती आला.

सरावाच्या खोल्या मात्र संगीतवाल्यांच्या. रात्री नऊपर्यंत त्यांचा हक्क, उरलं तर आमचं. नियम चुकीचा नाही, त्यांना त्यावर परीक्षा द्यायची असते. पण नऊनंतर मला जर्नल लिहायचं असतं. म्हणून मी हॉस्टेलच्या जिन्यात, आवाज दबवणारा रबरी म्यूट लावून वाजवते. म्यूट लावला की व्हायोला सर्दी झाल्यासारखा बोलतो.

'वाजवलं की ताण हलका होत असेल ना?' हा प्रश्न आज पुन्हा झाला. नाही होत. वाढतो. दोन तालमी, एक सेक्शनल (फक्त व्हायोलावाल्यांची तालीम), आणि रोजची चाळीस मिनिटं. त्यातली दहा स्वर लावण्यात आणि स्केलमध्ये जातात, उरलेली सध्या फक्त सहा बारांवर. डावा हात पहिल्या पोझिशनवरून वर तिसरीत सरकताना माझा अंगठा व्हायोलाची मान आवळून धरतो, हात जडावतो, बोट उशिरा पोचतं आणि सूर खाली पडतो. ठेका देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठवर ठेवून फक्त अंगठा सोडायचा. बाकी काही नाही. दोन आठवडे एवढंच. याला कुणी गुण देणार नाही, गुणपत्रिकेत ओळही येणार नाही.

तरी जाते. प्रयोगशाळेत मी एक दिवस गेले नाही तर माझंच रीडिंग बुडतं. इथे आम्ही व्हायोला सहाजण आहोत. एक कमी झाला की मधला आवाज विरळ होतो. श्रोत्यांना कळत नाही, पण चेलोवाले लगेच मागे वळून बघतात. मला हे बघणं आवडतं. दुसऱ्या कुठल्याही वर्गात माझी जागा रिकामी आहे म्हणून कुणी मागे वळलेलं नाही.

सेंद्रिय रसायनातली अल्डॉल अभिक्रिया या सत्रात शिकायला आहे. ती शोधणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झच्या जोडीला बोरोडिन, रसायनशास्त्रज्ञही आणि संगीतकारही, 1872. तोच बोरोडिन, ज्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) आम्ही चौघं रविवारी अडखळत वाजवतो. त्यातल्या नॉक्टर्न या संथ भागाची चाल सुरुवातीला चेलोला मिळते. तो स्वतः चेलो वाजवायचा, मग काय! व्याख्यानं, प्रयोगशाळा यांच्यातून उरलेल्या वेळात लिहायचा. 'प्रिन्स इगोर' हे ऑपेरा 1869 मध्ये हाती घेतलं आणि 1887 मध्ये गेला तेव्हाही अर्धवटच होतं, ते इतरांनी पुरं केलं. लोक हे कौतुकाने सांगतात. मला त्या अठरा वर्षांची धास्ती वाटते. माझे तर सहाच बार आहेत.

आता जिन्यातून येतेय. खालच्या मजल्यावरची एक मुलगी पाण्याची बाटली भरायला निघाली होती. तक्रार करणार म्हणून मी बो (गज) खाली घेतला. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली.

"कालचाच तुकडा ना?"

"हो. त्रास होतोय का?"

"नाही गं. काल मधेच अडकायचा. आज एकदा पुढे गेला."

एकदाच गेला, हेही तिने बरोबर मोजलं होतं.