नान्नजच्या माळावरची 20 मिनिटं

क्षेत्रभेटीच्या अर्जात ‘शांत बसणे’ हे शब्द लिहू नका. माझे अडीच महिने त्या दोन शब्दांपायी गेले, आणि तो राग अजून गेलेला नाही.

सातवीच्या मुलांना बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला न्यायचं होतं. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली झालेलं हे अभयारण्य सोलापूरपासून जेमतेम 20 किलोमीटरवर आहे, तरी वर्गातल्या एकाही मुलाने पाहिलेलं नव्हतं. पालकांची संमतीपत्रं, मुख्याध्यापकांची सही, वनविभागाकडची चौकशी हे सगळं आठवड्यात उरकलं.

अडलं ते परवानगीच्या टेबलावर. वेळापत्रकात मी लिहिलं होतं, ‘प्रत्येक मुलाने 20 मिनिटे एकटे, शांत बसणे, नंतर चिंतन-लेखन.’ त्याभोवती लाल गोल मारून फाइल परत आली. शेरा होता, ‘उद्दिष्ट स्पष्ट नाही.’ अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलं यातून नेमकं काय शिकतील ते, जोडून पुन्हा दिली. मग सांगण्यात आलं, ही सहल असेल तर नमुना वेगळा. तो भरला, तर साहेब रजेवर. दर खेपेला माझी अर्ध्या दिवसाची रजा जायची. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, बसायचंच तर वर्गात बसवा की. तिकडं कशाला नेताय?”

मी उभ्या उभ्या समजावलं. नुसतं हिंडून, डबा खाऊन मुलं परत आली तर ते शिकणं अर्धंच राहतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं, त्यात अनुभवानंतर लगेच त्याकडे वळून पाहणं येतं. त्याशिवाय पुढचा अर्थ लागत नाही. ऐकून घेतलं, फाइल तिथंच राहिली.

शेवटी एका जुन्या सहकारी बाईंनी शब्द बदलून दिले: ‘परिसर अभ्यास: मूक निरीक्षण व नोंदलेखन.’ सोबत 2020 च्या शैक्षणिक धोरणातला सहावी ते आठवीसाठीच्या 10 दप्तरविरहित दिवसांचा मुद्दा जोडला. चार दिवसांत सही झाली. तेव्हा तुम्ही पहिल्याच अर्जात हेच लिहा.

गेलो डिसेंबरात. गवत वाळलं होतं. माळढोक दिसणार नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आता तो क्वचितच दिसतो. काळविटांचा कळप मात्र दिसला. लिहिताना एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, तेलुगूत लिहू का? घरी गवताला आम्ही गड्डी म्हणतो.” लिही म्हटलं. एरवी दोन ओळींवर थांबणाऱ्या त्या मुलीने पानभर लिहिलं, त्यात वाऱ्याने गवत कुठल्या बाजूला झुकतं तेही होतं. हे मी जपून ठेवलंय.

आणि हो, पायात बूट आणि जाड मोजे हवेत, कुसळं फार टोचतात. लिहायला पुठ्ठ्याचं पॅड न्या, मांडीवर वही हलते.

त्या रात्री मी माझीही नोंद लिहिली. सातव्या-आठव्या मिनिटाला मीच “ते बघा काळवीट!” म्हणून ओरडले होते आणि सगळ्यांची शांतता मोडली होती. एका मुलाच्या वहीत तसं स्पष्ट लिहिलंय: ‘बाई बोलल्यावर पक्ष्याचा आवाज थांबला.’ पुढच्या वेळी मी मुलांच्या मागे, लांब बसणार आहे. अर्ज जूनमध्येच देतेय.