दवाची काच अखेर कोरडी राहिली: उरमोडी टाइमलॅप्स, प्रयत्न चौथा

उरमोडी धरणावरच्या धुक्याचा अखंड टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने घेतलेल्या फ्रेमची चित्रफीत) मिळाला. ९५० फ्रेम, एकाही फ्रेमवर दव नाही. रविवारी सकाळी साडेसातला कॅमेरा बंद केला, लेन्सच्या काचेवरून बोट फिरवलं आणि बोट कोरडं निघालं. तीन आठवडे याच एका गोष्टीसाठी चालले होते, म्हणून आधी तेच सांगितलं. पण त्याआधी शनिवारची पहाट हातची गेली. ती का गेली हेच या नोंदीत जास्त आहे, कारण ड्यू हीटर, म्हणजे लेन्स कोमट ठेवून दव टाळणारी पट्टी, बनवणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागू शकतो.

जागा नेहमीचीच. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्यावर थोडं पुढे गेलं की डोंगराची धार अरुंद होते. उजवीकडे कण्हेर धरणाचं पाणी, डावीकडे उरमोडीचं, आणि उरमोडीच्या काठावर सज्जनगड. कार्तिक संपता संपता आकाश स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो. उतारावरची गार हवा रात्रभर खाली दरीत उतरत राहते आणि पहाटे धरणाच्या पाण्यावर धुकं धरतं. ते भरलं की गड एकटा वर राहतो. मला तो भरण्याचा सगळा प्रवास हवा आहे, अंधारापासून उन्हापर्यंत, मध्ये खंड न पडता.

आणि ज्या रात्री धुकं चांगलं पडतं, त्याच रात्री लेन्सवर दवही सगळ्यात जास्त. मोकळ्या आभाळाखाली काच आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. ज्या तापमानाला दव धरतं (दवबिंदू) त्याच्या खाली उतरली की संपलं. पहिल्या प्रयत्नात नुसतं लांब हूड होतं, त्याने फार तर वीसेक मिनिटं जास्त मिळाली. दुसऱ्यात मी दर वीस मिनिटांनी मायक्रोफायबरने काच पुसत होतो. पुसताना कॅमेरा केसभर हलतो आणि चित्रफितीत गड उडी मारतो. म्हणून या वेळी हीटरची पट्टी केली होती: ३३० ओहमचे ५ रेझिस्टर पॅरललमध्ये, वर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), त्यावर जुन्या पायमोज्याचं कापड, आणि यूएसबीची वायर. मुद्दाम कमी ताकदीची केली. लेन्स जास्त तापली तर फोकस सरकतो हे वाचलं होतं, आणि पॉवर बँकही पुरायला हवी होती. आठवडाभर घरी मोबाइलच्या चार्जरवर लावून पाहिली. रात्रभर कोमट राहिली. मी निर्धास्त होतो.

शनिवारी पावणेचारला जागेवर पोचलो. (घाटात गाडी सावकाश चालवा. वळणावर तीन गवे रस्त्यातच उभे होते, दिवे मंद करून पाच मिनिटं थांबलो तेव्हा वाट मिळाली.) सव्वाचारला पहिली फ्रेम. दक्षिणेला अगस्तीचा तारा खाली उतरलेला, त्याच्याखाली गडावरचे दिवे. पावणेपाचला स्क्रीनवर पाहतो तर अगस्तीभोवती मऊ वलय. पाच वाजता ते दुप्पट झालं. काचेवर दव!

पट्टीला हात लावला, गार. मला वाटलं सोल्डर सुटलं. मग हेडलँपच्या लाल उजेडात कापड उसवलं, टेप काढली, एकेक जोड दाबून पाहिला. सगळे घट्ट. वायर काढून परत लावली, पट्टी कोमट झाली. जीवात जीव आला. टेप गुंडाळेपर्यंत परत गार. असं तीनदा झालं. चौथ्यांदा लक्ष पॉवर बँककडे गेलं: तिचा दिवाच विझलेला. बटण दाबलं की लागतो, मनात तीसेक आकडे मोजले की विझतो.

तोवर साडेपाच झाले होते आणि खाली धुकं उठत होतं. आतापर्यंत पाहिलेल्यातलं सगळ्यात सुंदर. परळीकडचे दिवे एकामागून एक आतून उजळून पुसट होत गेले. मी एका हाताने दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबत होतो, दुसऱ्या हाताने फडकं. शेवटी कॅमेरा बंद केला आणि बघत बसलो. वाईट वाटलं, खरंच.

घरी आल्यावर मल्टीमीटर काढला. चार्जरवर पट्टी ७६ मिलिअँपिअर घेते, बरोबर तेवढंच गणितात येतं. पॉवर बँकवरही तेवढंच, पण अर्ध्या मिनिटाने शून्य. म्हणजे पट्टीत दोष नव्हता, पॉवर बँकेतही नव्हता. इतका कमी प्रवाह दिसला की बँकेला वाटतं फोन भरला, आता काही जोडलेलं नाही, आणि ती स्वतःला बंद करून घेते. भिंतीतल्या चार्जरला असली सवय नाही, म्हणून घरी आठवडाभर हे कळलंच नाही. पट्टी जितकी काटकसरीची, तितकी बँक लवकर झोपणार! काही बँकांमध्ये घड्याळ आणि इयरबडसाठी कमी प्रवाहाचा मोड असतो, बटण दोनदा दाबलं की चालू होतो. माझ्या बँकेत नाही. नवी घेणार असाल तर आधी एवढंच विचारा, क्षमता नंतर. आणि पट्टीची चाचणी ज्या बँकेवर डोंगरावर चालवणार तिच्यावरच घ्या.

दुपारी राजवाड्याजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. अशा दुकानांवर माझा जीव आहे. ऑनलाइन शंभर रेझिस्टरचं पाकीट चार दिवसांनी येतं, इथे काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कशाला पायजे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग पाव वॅटचे नेऊ नका, अर्ध्याचे न्या. जळणार न्हाईत." बरोबर होतं त्यांचं. १०० ओहमचे १० पॅरललमध्ये म्हणजे १० ओहम. ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, अडीच वॅट. प्रत्येकावर पाव वॅट पडतं, म्हणजे पाव वॅटवाले अगदी काठावर आले असते. दहा रेझिस्टर कागदाच्या पुडीत बांधून दिले.

संध्याकाळी सोल्डरिंग करण्याआधी दोन तास कास पठारावर चालून आलो. हंगाम संपल्यावरचं कास मला जास्त आवडतं. सप्टेंबरातली गर्दी नाही, जांभ्याच्या कातळावर सोनेरी वाळकं गवत आणि वाऱ्याचा आवाज. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या, त्यात हे पठार आहे, आणि फुलं नसली तरी पुढच्या वर्षीचं बी आणि कंद याच पातळ मातीत पडून आहेत. त्यामुळे पायवाट सोडली नाही. ट्रायपॉडही वाटेवरच. एक खरुची (छोटा शिकारी पक्षी) हवेत जागच्या जागी पंख मारत थांबली होती, तिची चांगली १२ चित्रं मिळाली. एका खडकावर गप्पीदासाची जोडी. मावळतीच्या उन्हात गवताचे तुरे मागून उजळलेले घेतले, त्यातलं एक मोठं छापून भिंतीवर लावणार आहे.

रात्री दहाला नवी पट्टी तयार. या वेळी चाचणी पॉवर बँकवरच, तासभर. दिवा विझला नाही.

आता रविवार. अडीच वॅटने लेन्स नक्की तापणार, म्हणून क्रम बदलला: आधी पट्टी लावून २० मिनिटं थांबलो, मग फोकस. व्याधाचा तारा पश्चिमेकडे कलला होता. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून त्याला बारीक टिंब केलं आणि फोकस रिंगवर गॅफर टेप. परत कॅमेरा सज्जनगडाकडे. हा क्रम पाळा. गार लेन्सवर केलेला फोकस तापल्यावर थोडा सरकला होता, मी दोन्ही वेळा तपासलं.

लेन्स तीच, २८ मिमीची जुनी मॅन्युअल, एफ २.८ वर. अ‍ॅपर्चरची कडी हाताने फिरवायची, त्यामुळे फ्रेमागणिक छिद्र किंचित कमीजास्त होऊन येणारा फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, नाही. नव्या महागड्या लेन्सपेक्षा टाइमलॅप्सला मी कायम हीच घेईन. अंतर १२ सेकंदांचं, सुरुवात ८ सेकंद आणि आयएसओ ३२०० वर. साडेपाचनंतर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत एक्सपोजर एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी हाताने खाली आणलं.

धुकं शनिवारपेक्षा कमी होतं, ते मान्य. पण सगळं सापडलं. आधी पाण्यावर एक धागा, मग तो रुंद होत उतारांना टेकला, मग अगस्ती क्षितिजाच्या धूसरपणात विरला आणि पूर्वेचा रंग धुक्याच्या वरच्या पृष्ठभागावर उतरला. पावणेसातच्या सुमारास ऊन आधी गडाच्या माथ्याला लागलं. त्याच क्षणाची फ्रेम मी किती वेळा पाहिली ते सांगत नाही. पॉवर बँकचे चारपैकी तीन दिवे अजून लागलेले होते. उतरताना यवतेश्वरच्या टपरीवर दोन चहा घेतले.

एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोजरच्या पायऱ्या गुळगुळीत करायच्या आहेत. २५ फ्रेमच्या वेगाने ३८ सेकंद होतात. खालच्या बाजूला एक तपकिरी थर दिसतोय. उसाचे फड तुटले आहेत, पाचटाचा धूर असावा. मी तो काढणार नाही, या दिवसांतली हवा तशीच असते.

पुढचा बेत मायणीच्या पक्ष्यांचा होता. पण हीटर चालतोय म्हटल्यावर १३ डिसेंबरची रात्र डोळ्यासमोर आली, मिथुन राशीतला उल्कावर्षाव. चाळकेवाडीच्या पठारावरून, पवनचक्क्यांसह. हे लिहितानाच लक्षात आलं की तिथे वारा असतो, आणि वाऱ्यात काच हवेइतकीच उबदार राहते, दव बसतच नाही. म्हणजे तिथे पट्टीची गरज नाही, ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगायची गरज आहे. मग पट्टीची खरी जागा बामणोली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, पाण्यात प्रतिबिंबासह. चंद्र कधी उगवतो ते पाहून दोन्हीतली एक ठरवतो. बामणोली ठरली तर दुसऱ्या लेन्सलाही पट्टी लागेल. दुकानातून उद्या आणखी १० रेझिस्टर आणतो. ३३० ओहमवाले उकलून डबीत ठेवले आहेत.