तेरा औषधं, चार फायली

पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा तेरा औषधं निघाली. आजींचं वय ७८. मधुमेह, हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, दुखरे गुडघे. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.९, म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) २७च्या आसपास, पोटॅशियम वाढलेलं, ५.६, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.४. वरचं बीपी बसून १३६, उभं केल्यावर मिनिटभरात १०८. चार डॉक्टरांच्या चार फायली होत्या आणि प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबर होती. घोळ तिथेच होता.

एखादं औषध नुसतं ‘चांगलं’ नसतं. कशाच्या तुलनेत, कोणासाठी, आणि मोजायचं काय, हे ठरल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. म्हणून मी औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष नंतर वाचते, कोणाला वगळलं होतं ते आधी.

बीपी १२०च्या खाली आणण्याचा आग्रह २०१५च्या स्प्रिंट चाचणीतून आलेला. त्यात मधुमेही नव्हते. उभं राहिल्यावर मिनिटभरात ११०च्या खाली घसरणारेही नव्हते. आजी दोनदा बाद. स्पायरोनोलॅक्टोन हे हृदयाचं औषध, पण पोटॅशियम वाढवणारं. त्यासाठी १९९९ची रेल्स चाचणी हृदय कमजोर असलेल्यांवरच झाली, पण पोटॅशियम ५च्या वर असणाऱ्यांना तिथे प्रवेश नव्हता. साखरेचं तर उलटंच. अकॉर्ड या मधुमेहाच्या चाचणीत एचबीए१सी ६च्या खाली नेऊ पाहणाऱ्या गटात २५७ मृत्यू झाले, ७ ते ७.९ वर समाधान मानलेल्या गटात २०३; २००८ साली ते काटेकोर उपचार मध्येच थांबवावे लागले. क्रिएटिनिन दीडच्या वर असलेले तिथेही वगळले होते. म्हणजे हे सगळं आजींपेक्षा बऱ्या किडनीच्या लोकांत घडलं होतं!

आमच्या ज्युनिअरने साखरेच्या मेटफॉर्मिन या गोळीबद्दल रुग्णालयाच्या नोंदी चाळल्या होत्या. “मॅडम, मेटफॉर्मिन बंद केलेले पेशंट जास्त अ‍ॅडमिट झालेत. मग बंद कशाला करायचं?” अरे, बंद केलं कोणाचं? ज्यांची किडनी आधीच ढासळली होती त्यांचं. दोन्ही गटांची किडनी त्या दिवशी सारखी नसेल तर ही गोळ्यांची तुलना नाही, आजारपणाची आहे. ईजीएफआर ३०च्या खाली मेटफॉर्मिन नको, हे त्या नोंदींमुळे बदलत नाही.

तेरावी गोळी मात्र एकाही फायलीत नव्हती. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक डायक्लोफेनॅक, रोज दोन. बीपीचं टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैल करतं, डायक्लोफेनॅक आत येणारी आवळतं, आणि लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने मुळात अंगातलं पाणीच कमी केलेलं. गाळणीत दाब उरणार कुठून?

“आजी, तुम्हाला काय व्हायला हवं?”

“रात्री उठल्यावर पडू नये, बाई. दोनदा पडले.”

मोजायचं काय ते ठरलं.

पोटॅशियमचा नमुना पुन्हा पाठवला, कारण रक्तपेशी नळीतच फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. पुन्हा ५.५. ईसीजी ठीक होता. डायक्लोफेनॅक आणि स्पायरोनोलॅक्टोन त्याच दिवशी थांबवलं. पहाटे साखर ५४ झालेली, म्हणून साखर उतरवणारं ग्लिमेपिराइडही. मेटफॉर्मिनच्या जागी लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम, किडनीसाठी त्याचा डोस बदलावा लागत नाही. गुडघ्याला पॅरासिटामॉल. टेल्मिसार्टन ठेवलं, हृदयाला ते हवंच. बीपीचंच अ‍ॅम्लोडिपिन पाचवरून अडीच. बाकीच्यांना हात लावला नाही. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही.

फ्युरोसेमाइडचं कोडं राहिलं. ते पायाच्या सुजेसाठी दिलेलं, पण सूज हृदयाची की अ‍ॅम्लोडिपिनची? मानेची शीर फुगलेली नाही, फुप्फुसात घरघर नाही, वजन स्थिर: झुकतं माप अ‍ॅम्लोडिपिनकडे. सुनेला रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहायला सांगितलं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन.

आठव्या दिवशी पोटॅशियम ४.८, क्रिएटिनिन १.६, उभ्याने बीपी १२२. घोटा दीड सेंटिमीटरने उतरला होता. रात्री पडणं नाही, पण आठच रात्री झाल्या होत्या. फ्युरोसेमाइड आणखी एक आठवडा तसंच ठेवलं.