रटलंडचे ऑस्प्रे: जायचं कधी, बसायचं कुठे, बघायचं काय

भिगवणला हिवाळ्यात उजनीच्या पाण्यातल्या खांबावर मासा पायाखाली दाबून बसलेला ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी आपल्या पक्षीनिरीक्षकांना नवा नाही. पण महाराष्ट्रात तो फक्त हिवाळा काढायला येतो. घरटं, अंडी, पिल्लं हा सगळा संसार उत्तरेकडे. तो बघायचा तर इंग्लंडमधलं रटलंड वॉटर (एक मोठा जलाशय) सर्वांत सोयीचं. लेस्टर, बर्मिंगहॅम, लंडन भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना एका दिवसात जाऊन येण्यासारखं, आणि मुलांना भेटायला मे-जूनमध्ये तिकडे जाणाऱ्या आईवडिलांनाही झेपेल असं. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंतच्या फेऱ्यांमधून जे हाती लागलं ते इथे दिलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिथले नियम तिच्यातूनच आलेत. शिकारी आणि अंडीचोर यांच्या कृपेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून घरटी करणारे ऑस्प्रे संपले. १९५४ साली स्कॉटलंडमध्ये एक जोडी पुन्हा वसली. १९५८ साली तिथल्याच लॉख गार्टन या तळ्याजवळच्या घरट्यातली अंडी पहारा असतानाही चोरीला गेली. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या पक्षीसंरक्षण संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा विचार केला: जागा लपवण्यापेक्षा लोकांना बोलवा, म्हणजे हजारो डोळे आपोआप राखण करतील. १९५९ साली तिथं पिल्लं उडाली आणि आडोशात बसून घरटं बघण्याची पद्धत पडली. रटलंडला १९९६ ते २००१ या काळात स्कॉटलंडमधून सुमारे सहा आठवड्यांची ६४ पिल्लं आणून सोडली गेली. ऑस्प्रे जिथून पहिल्यांदा उडतो त्याच भागात पुढे घर करायला परततो, या सवयीवर सगळी भिस्त होती. २००१ सालीच तिथं पहिलं पिल्लू जन्मलं. सध्या लोकांना दिसणारं घरटं मॅन्टन बे या खाडीसारख्या कोपऱ्यात, पाण्यात रोवलेल्या खांबावर आहे. तिथली माया ही मादी आणि ३३(११) हा नर २०१५पासूनची जोडी. ३३ हा पायातल्या ओळखीच्या कड्यावरचा क्रमांक आणि ११ म्हणजे २०११ साली कडं घातलं.

पोहोचण्याबाबत सर्वांत महत्त्वाचं: जलाशयावर निसर्गकेंद्रं दोन आहेत. एगल्टनचं मोठं, पाणपक्ष्यांसाठी उत्तम, पण मॅन्टन बेचं घरटं बघायला जायचं ते दक्षिण काठावरच्या लिंडन केंद्रावर. गाडीच्या नकाशात नुसतं ‘रटलंड वॉटर’ टाकलं तर तिसरीकडेच, बोटी आणि आइस्क्रीमच्या गर्दीत जाऊन पडाल. रेल्वेनं यायचं तर स्टेशन ओकहॅम. लेस्टरहून थेट गाडी आहे आणि साधारण अर्धा तास लागतो. लंडनहून बहुतेक वेळा लेस्टर किंवा पीटरबरोला गाडी बदलावी लागते. ओकहॅमहून पुढे टॅक्सी आधी ठरवून ठेवा, स्टेशनबाहेर उभी असेल या भरवशावर राहू नका, आणि परतीची वेळही तेव्हाच सांगून टाका. पाय चांगले असतील तर सायकल उत्तम: जलाशयाभोवती सायकलमार्ग आहे आणि व्हिटवेल व नॉर्मन्टनला सायकली भाड्यानं मिळतात.

लिंडन केंद्रावर प्रवेशाचा परवाना घ्यायचा. घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र तिथल्या पडद्यावर चालू असतं, ते आधी पाच मिनिटं बघाच. रात्रीतून काय घडलं, सकाळपासून किती मासे आले, हे तिथल्या स्वयंसेवकांना तोंडपाठ असतं. मग पायवाटेनं वेडरस्क्रेप हाइडकडे चालत जायचं. हाइड म्हणजे फटी ठेवलेली लाकडी खोली. हंगामात तिथं स्वयंसेवक स्कोप (तिपाईवरची ताकदवान दुर्बीण) लावून बसलेले असतात आणि आनंदानं बघायला देतात. पुढची शॅलो वॉटर हाइड घरट्याच्या आणखी जवळ आहे. स्वच्छतागृह केंद्रावरच उरकून घ्या. वाट पावसात घसरडी होते, चपला नकोत. डबा न्यावा, पण हाइडमध्ये पिशव्यांची खसखस नको, आणि फटीतून हात किंवा लेन्स बाहेर काढायची नाही.

आता जायचं कधी. बहुतेकांचं इथंच चुकतं, कारण ते सुट्टी बघून तारीख ठरवतात. तारीख ठरवायची पहिल्या अंड्यावरून. पहिलं अंडं कधी पडलं ते रटलंडच्या ऑस्प्रे प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कळतं. मॅन्टन बेला ते बहुधा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला पडतं. त्यात ३७ दिवस मिळवा, पहिलं पिल्लू बाहेर. जन्मापासून साडेतीन आठवडे झाले की पिल्लं काठावरून सहज दिसू लागतात, पाच-सहा आठवड्यांत त्यांना कडी घालतात, आणि ५० ते ५५ दिवसांत पहिलं उड्डाण. म्हणजे १ एप्रिलला अंडं पडलं असेल तर ८ मेच्या आसपास पिल्लू आणि जूनच्या अखेरीस उड्डाण. स्कॉटलंडमध्ये २० एप्रिलचं अंडं धरलं तर २७ मे आणि साधारण १८ जुलै. एकाच उन्हाळ्यात रटलंड हुकलं तरी उत्तरेला संधी उरते, ती अशी.

एप्रिलच्या फेरीत पिल्लं नसतात म्हणून लोक ती टाळतात. आमच्या मते जाणकारानं ती चुकवू नये. नव्यानं जोडीदार शोधणारे नर याच दिवसांत मासा पायात लटकवून उंच चढतात आणि किंचाळत हेलकावे घेत खाली येतात. घरट्यावर अंडी उबवण्याची पाळी बदलते तो क्षण स्कोपमधून सावकाश बघा. नर मासा आणतो, डोक्याकडचा भाग त्यानं बहुतेकदा आधीच खाल्लेला असतो. मादी तो घेऊन शेजारच्या खांबावर जाते आणि नर अंड्यांवर बसायला सरसावतो. चालताना तो नख्या आत वळवून पायाची मूठ करतो आणि तसाच अडखळत पुढे येतो. मासा आरपार धरणाऱ्या नख्या आहेत त्या, उघड्या पायानं चालला तर अंडं फुटेल. मग छाती डावी-उजवी हलवत अंडी पोटाखाली घेतो. एवढ्या एका दृश्यासाठी तासभर वाट बघावी लागली तरी हरकत नाही.

मेच्या मध्यावर जाणारे मात्र हमखास निराश होऊन परततात. पिल्लं बाहेर आलेली असतात, कॅमेऱ्यावर दिसतात, पण हाइडमधून दिसते ती नुसती बसलेली मादी. घरट्याची वाटी खोल असते आणि पिल्लांना मान सावरायलाही जमत नसतं. या काळात जायचंच असेल तर मादीचं डोकं बघा. ती वाकून, मान तिरकी करून, चोचीत कापसाएवढा तुकडा धरून थांबली, तर समोर पिल्लू आहे. किती वेळा आणि किती वेगवेगळ्या दिशांना वाकते यावरून पिल्लं किती ते बऱ्यापैकी अंदाजता येतं. दहा-बारा दिवसांनंतर पिल्लांची फिकट लव जाऊन काळपट करडी येते आणि ती काही दिवस सरड्यासारखी दिसतात. फोटोत कुरूप म्हणून कोणी टाकत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला लागते आणि अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पडतात. त्यामुळे थोरल्या आणि धाकट्या पिल्लात पाच-सहा दिवसांचा फरक पडू शकतो, आणि त्या वयात तो फार असतो. मुबलक मासे असतील तर थोरलं पोट भरून मागे सरकतं आणि धाकट्याला मिळतं. लागोपाठ दोन-तीन दिवस वारा-पाऊस लागला, की पाण्याचा पृष्ठभाग हलतो, पाणी गढूळ होतं, नराला वरून मासा दिसत नाही आणि पहिली झळ धाकट्याला बसते. शिवाय भिजलेलं लहान पिल्लू स्वतःची ऊब राखू शकत नाही. मादी पंख पसरून त्यांच्यावर छत धरते तेव्हा ती स्वतः शिकारीला जाऊ शकत नाही, सगळा भार एकट्या नरावर. खराब हवामानाच्या आठवड्यानंतर गेलात आणि तीनच्या जागी दोन माना दिसल्या तर कारण बहुधा हे.

जूनचा पहिला पंधरवडा आणि मग जूनअखेर ते जुलैचा मध्य, या आमच्या पसंतीच्या वेळा. जूनमध्ये पिल्लं काठाशी उभी राहतात, पंख ताणतात. पाठीच्या पिसांना फिकट किनार असल्यानं ती खवलेदार दिसतात आणि डोळे नारिंगी असतात, मोठ्यांचे पिवळे. नर दिवसाला चार ते सहा मासे आणतो. रटलंडला रोच, ट्राउट, पर्च, पाइक असे गोड्या पाण्यातले. पहाटे आणि दुपार उतरल्यावर शक्यता जास्त, पण घड्याळ लावून काही येत नाही. नर येतोय हे आधी मादीच्या आवाजावरून कळतं: ती घरट्यावरूनच चिरका, लांबवलेला, विनवणीचा सूर लावते. तो ऐकला की स्कोप घरट्यावर रोखून ठेवा, आकाशात शोधत बसू नका. उलट तुटक, तीव्र आवाज आला आणि पिल्लं एकदम चपटी होऊन पडली, तर वर परका ऑस्प्रे फिरतोय.

उड्डाणाआधी दोन-चार दिवस पिल्लू वाऱ्यावर घरट्याच्या वर हात-दोन हात तरंगतं आणि परत उतरतं. पहिलं खरं उड्डाण बहुधा चांगलंच जमतं, फजिती होते ती उतरताना. उडायला लागल्यावरही जेवायला ती घरट्यावरच येतात, म्हणून जुलैमध्ये ‘पाखरं उडून गेली, आता काय बघायचं’ म्हणून फेरी रद्द करू नका. मासेमारी त्यांना कुणी शिकवत नाही. ऑगस्टमध्ये आधी मादी निघते, मग पिल्लं एकेकटी, आणि नर बहुधा शेवटी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर जाण्यात अर्थ नाही. ही मंडळी सेनेगल, गांबिया अशा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला जातात, आपल्या उजनीला नाही. पिल्लं तिथंच पहिली दोनेक वर्षं काढतात.

साहित्य: ८×४२ची दुर्बीण पुरेशी, पण घरट्यावरचे तपशील आणि पायातली कडी यांसाठी २०–६० पटींचा स्कोप हवा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि ६० पटींवर सगळं विरघळतं, तेव्हा ३० वर या. महागडी काच इथं काही करू शकत नाही. घरट्याचे फोटो हाइडमधून ‘नोंदीपुरते’च येतील, हे मान्य करून जा. मासा उचलतानाचे फोटो हवे असतील तर हॉर्न मिलच्या ट्राउट फार्मवर पैसे भरून वेगळी हाइड मिळते. उजाडायच्या आत हजर व्हावं लागतं, आणि जुलै-ऑगस्टच्या जागा फार आधी भरतात. शटर १/२५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू द्या. पक्षी पाण्यात पाय पुढे करून पडतो तो क्षण बहुतेकांचा निसटतो. खरा फोटो नंतरचा, पाण्यातून वर येताना आणि मग हवेत अंग झटकताना. वर उठल्यावर तो मासा फिरवून डोकं पुढे करून धरतो, म्हणजे वारा कमी अडतो.

आकाशात दूरवर ऑस्प्रे आणि मोठा कुरव यांत गफलत होते. ऑस्प्रेचे पंख मनगटाशी (पंखाच्या मधल्या सांध्याशी) वाकलेले, पोट पांढरं, मनगटाखाली काळा डाग आणि डोळ्यातून जाणारा गडद पट्टा. छातीवरचा तपकिरी पट्टा मादीत साधारणपणे जास्त ठळक, पण नुसत्या त्यावरून नर-मादी ठरवू नका.

रटलंडखेरीज वेल्समध्ये डायफी आणि ग्लासलिन, स्कॉटलंडमध्ये डंकेल्डजवळचं लॉख ऑफ द लोज या जागा चांगल्या. वेल्समध्ये समुद्र जवळ असल्यानं माशांत फ्लाउंडर आणि मलेटही दिसतात. लॉख गार्टनला इतिहासासाठी जरूर जा, पण मधली काही वर्षं तिथलं घरटं रिकामं गेलं होतं, तेव्हा यंदा जोडी आहे का हे विचारून मगच हॉटेल ठरवा. स्कॉटलंडमध्ये जून ते ऑगस्ट मिज नावाची बारीक चावरी माशी संध्याकाळी जीव नकोसा करते: डोक्यावरची जाळी घ्या, लाजू नका. गवतातून चाललात तर रात्री पायांवर गोचीड तपासा.

फिरताना एखादं अनोळखी घरटं दिसलं तर तिथून मागे फिरा, आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्यावरच्या ऑस्प्रेला जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनं त्रास देणं गुन्हा आहे. ड्रोन तर नकोच. भिगवणला नावाड्याला ‘अजून थोडं जवळ’ म्हणायची सवय इथं घरी ठेवून यावी. खरं तर तिथंही.

कड्यांची नोंद: इंग्लंड-वेल्समध्ये रंगीत कडं उजव्या पायात, स्कॉटलंडमध्ये डाव्या. म्हणजे अक्षरं वाचता आली नाहीत तरी पायावरून निम्मं उत्तर मिळतं. पक्षी उघड्या फांदीवर ताठ बसला असताना स्कोपला मोबाइल लावून मिनिटभराचा व्हिडिओ घ्या, एका फोटोपेक्षा त्यातून अक्षरं जास्त खात्रीनं वाचता येतात. पाय, रंग, अक्षरं, तारीख, वेळ आणि जागा लिहून केंद्रावर द्या. हिवाळ्यात महाराष्ट्रात कडं असलेला ऑस्प्रे दिसला तर हेच सगळं लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, अर्धवट वाचलेलं असलं तरी.