कॅम्पिंग ट्रेलरसाठी वीजकेबल : निवड, जोडणी आणि अर्थिंग

ट्रेलरचा सांगाडा, बाहेरचा पत्रा आणि आतले लाकूडकाम पूर्ण झाल्यामुळे या टप्प्यात बाहेरून वीज आत आणण्याची व्यवस्था हाती घेतली. आतली बारा व्होल्टची वायरिंग आधीच झाली होती. प्रश्न होता तो मुक्कामाच्या ठिकाणच्या २३० व्होल्टच्या सॉकेटपासून ट्रेलरच्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या केबलचा. ही केबल म्हणजे केवळ लांब एक्स्टेन्शन नव्हे, असे माझे ठाम मत आहे. ट्रेलरचा लोखंडी सांगाडा रबरी चाकांवर उभा असतो, जमिनीशी त्याचा विद्युत संबंध जवळजवळ नसतो आणि माणूस मात्र ओल्या गवतावर अनवाणी उभा राहून त्याच्या दाराची कडी धरतो. म्हणून केबल निवडताना जाडीचा जितका विचार केला, तितकाच, किंबहुना अधिक, तिच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेचा केला.

युरोपात कॅराव्हॅनच्या तळांवर १६ अँपिअरचे निळे औद्योगिक सॉकेट ठरलेले असते आणि २५ मीटर लांबीची, अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल हा तिथला रूढ संच आहे. महाराष्ट्रात २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पनाही आहे. तरी आपल्यापैकी बहुतेकांचा मुक्काम प्रत्यक्षात कृषी पर्यटन केंद्राच्या अंगणात, कोकणातल्या एखाद्या घरगुती निवासाच्या वाडीत किंवा धरणाकाठच्या शेतात असतो. तिथे मिळते ते ओटीवरचे किंवा पडवीतले तीन पिनांचे सॉकेट. ते १६ अँपिअरचे असेल तर उत्तम. पण अनेकदा ते ६ अँपिअरचे असते आणि त्यातून १,३८० वॉटपेक्षा अधिक भार घेता येत नाही. बाजारात मिळणारा कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटात मोठा टॉप बसवता येतो हे खरे, पण त्यामुळे सॉकेटमागच्या वायरची जाडी वाढत नाही. शेतीपंपाच्या जोडणीवरून वीज घेणे मी पूर्णपणे वर्ज्य ठेवले आहे, कारण मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर हा वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचा भुर्दंड यजमानावर पडतो.

भाराचा हिशेब असा मांडला. इंडक्शन शेगडी २,००० वॉट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास; लहान एसी ९०० वॉट, म्हणजे सुमारे चार अँपिअर; बॅटरी चार्जर साडेतीनशे वॉट, म्हणजे दीड अँपिअर. तिन्ही एकदम चालू राहिल्यास बेरीज १४ अँपिअरच्या पुढे जाते, त्यामुळे १६ अँपिअरची व्यवस्था पुरते, मात्र त्यात पाणी तापवण्याच्या इन्स्टंट गीझरला जागा उरत नाही. गीझर मी योजनेतूनच काढला; त्या कामाला गॅस बरा.

लांबी २० मीटर धरली. त्याहून आखूड केबल वाडीतल्या सावलीपर्यंत पोहोचत नाही आणि त्याहून लांब केबल वागवणे जड जाते. जाडीच्या बाबतीत बाजारात दीड एमएम (बाजारभाषेत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर) आणि क्वचित एक एमएमची केबलसुद्धा ‘ट्रेलरला चालते’ म्हणून पुढे केली जाते, म्हणून इथे आकडे मांडतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे आठ ओहम असतो. २० मीटर जाऊन २० मीटर परत येताना तो ०.३२ ओहम होतो. १४ अँपिअरला त्यात साडेचार व्होल्ट पडतात आणि सुमारे ६३ वॉट उष्णता केबलभर पसरते. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत तेवढ्याच भाराला जवळजवळ ११ व्होल्ट पडतात आणि उष्णता दीडशे वॉटच्या वर जाते. पसरून ठेवलेल्या केबलमधून ही उष्णता निघून जाते. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलमध्ये ती आतल्या वेटोळ्यांत कोंडते आणि पीव्हीसी मऊ पडू लागते. संध्याकाळी खेड्यात मुळातच २०० व्होल्टपर्यंत उतरलेला पुरवठा असेल, तर केबलमध्ये आणखी ११ व्होल्ट गमावणे एसीच्या कॉम्प्रेसरला मुळीच परवडणारे नाही. अडीच एमएमवर शिक्कामोर्तब झाले ते यामुळे.

आवरणाचा प्रश्न अधिक विचार करायला लावणारा होता. पीव्हीसीची गोल तीन कोअर केबल, आयएस ६९४ मानकाची, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि स्वस्तही असते. रबरी केबल, जिचे मानक आयएस ९९६८ आहे, ती मागवून घ्यावी लागते, वजनाला जड असते आणि महाग पडते. तरी मी रबरी घेतली. भंडारदऱ्याच्या थंडीतही ती सहज सरळ पसरते, जांभ्या दगडाच्या धारदार कडांवर ओढली गेली तरी तिचे आवरण लवकर कापले जात नाही आणि गुंडाळताना तिला पीळ कमी पडतात. ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी नामवंत कंपनीची पीव्हीसी केबल जरूर घ्यावी. पण जाडीत आणि तांब्यात तडजोड करू नये.

तांब्याबद्दल एक सावधगिरी. खरेदी पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत केली, जिथे या मालाची दुकाने ओळीने आहेत आणि चांगल्या मालाशेजारी हलका मालही मिळतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा दिसायला तांब्यासारख्याच असतात. ब्लेडने एक बारीक तार खरवडली की आत पांढरे दिसते, हा सोपा पडताळा. दुसरा पडताळा घरी केला : केबलच्या टोकाला दीड हजार वॉटची किटली लावली आणि ती चालू असताना सॉकेटकडचे आणि किटलीकडचे व्होल्टेज मोजले. साडेसहा अँपिअरला अडीच एमएमच्या खऱ्या तांब्यात दोन व्होल्टच्या आसपास फरक यायला हवा, आणि तितकाच आला. साध्या मल्टिमीटरला इतका लहान रोध थेट मोजता येत नाही, त्यामुळे ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

केबलच्या दोन टोकांना काय लावायचे, याचा नियम एकच : ज्या पिना उघड्या दिसतात त्यांत कधीही वीज असता कामा नये. म्हणून ट्रेलरच्या भिंतीवर झाकण असलेला, पिना आत असलेला निळा औद्योगिक इनलेट बसवला; केबलच्या ट्रेलरकडच्या टोकाला भोकांचा कनेक्टर आणि पुरवठ्याकडच्या टोकाला पिनांचा प्लग. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल आपल्याकडे जनरेटरसाठी सर्रास बनवून दिली जाते. ती कोणीही जवळ बाळगू नये. निळ्या संचाची १६ आणि ३२ अँपिअरची मापे वेगळी असल्यामुळे ती एकमेकांत बसत नाहीत, अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड असते, आणि घट्ट बसल्यावर झाकणाचा आकडा कनेक्टरला अडकून राहतो. आपल्या तीन पिनी सॉकेटसाठी १६ अँपिअरचा टॉप आणि निळा कनेक्टर जोडलेला अर्ध्या मीटरचा तुकडा वेगळा केला आहे. तो पडवीच्या आत राहतो, त्यामुळे मुख्य केबलला टॉप जोडलेला ठेवावा लागत नाही.

जोडणीचे काम घाईने करण्याचे नाही. बाहेरचे रबर कापताना पाते आरपार न घालता वरवर गोल चीर दिली आणि केबल त्या चिरेवर वाकवली, म्हणजे उरलेले रबर आपोआप फाटते आणि आतल्या कोअरच्या आवरणाला धार लागत नाही. तीन कोअरपैकी अर्थची हिरवी तार इतर दोहोंपेक्षा बोटभर लांब ठेवली. केबल कधी जोरात ओढली जाऊन प्लगमधून निसटलीच, तर फेज आणि न्यूट्रल आधी तुटतील आणि अर्थ शेवटपर्यंत टिकेल. उघड्या तारांना पीळ देऊन त्यांवर पिन लग, म्हणजे तारा एकत्र धरणाऱ्या धातूच्या टोप्या, चढवले आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबले. पकडीचा रॅचेट सुटेपर्यंत दाब द्यावा लागतो. तारांच्या टोकांना सोल्डर लावून ती स्क्रूखाली दाबण्याची पद्धत जुनी आहे, पण स्क्रूच्या सततच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकते, पकड सैल होते आणि तिथेच जोड तापू लागतो. केबलची पकडपट्टी बाहेरच्या रबरावरच बसली पाहिजे, आतल्या रंगीत कोअरवर नव्हे. काही मुक्कामांनंतर सर्व स्क्रू पुन्हा आवळून पाहायचे आहेत, कारण नवी तार दाबाखाली थोडी बसते.

रंगांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. लाल, काळा, हिरवा हा आपला जुना क्रम आणि तपकिरी, निळा, हिरवा-पिवळा हा आंतरराष्ट्रीय क्रम, असे दोन्ही माल बाजारात शेजारी शेजारी असतात. रंगावर विसंबण्याऐवजी दोन्ही टोके जोडून झाल्यावर प्रत्येक पिनेपासून तिच्या समोरच्या भोकापर्यंत बझरने तपासणी केली आणि शेवटी एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर, तिन्ही तारांमधले इन्सुलेशन मोजून घेतले.

इनलेटच्या लगेच आत दोन पोलांचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, १६ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीबीओ बसवला; जादा भार आणि विजेची गळती या दोन्हींवर आपोआप पुरवठा तोडणारा हा स्विच. दोन पोलांचा आग्रह यासाठी की खेड्यातल्या कित्येक सॉकेटांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले आढळतात. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यास फेज उजवीकडे असायला हवा. एका पोलाचा एमसीबी, म्हणजे फक्त जादा भाराला तुटणारा साधा स्विच, अशा ठिकाणी न्यूट्रल तोडतो आणि ट्रेलरमधली सर्व वायरिंग फेजवर जिवंत राहते. न्यूट्रल आणि अर्थ ट्रेलरमध्ये कुठेही एकमेकांना जोडलेले नाहीत. सांगाड्याला मात्र चार चौरस मिलिमीटरच्या हिरव्या तारेने अर्थच्या पट्टीशी जोडले आहे. त्यासाठी रंग खरवडून उघड्या लोखंडावर दातेरी वॉशर लावला.

आता अर्थिंगकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त वेळ याच भागाने घेतला. सॉकेटला अर्थ नसेल आणि ट्रेलरमध्ये काहीही बिघाड नसेल, तरी चार्जरच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे सांगाडा पुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. टेस्टर लावला तर दिवा लागतो, ओल्या हाताला झिणझिण्या येतात. तो प्रवाह स्वतः जिवावर बेतणारा नसतो, पण अर्थ नसल्याची ती स्पष्ट खूण असते. खरा धोका त्यानंतरचा : अर्थ नसताना एखादी फेजची तार सांगाड्याला टेकली, तर आरसीबीओला काहीच कळत नाही, कारण गळती व्हायला वाटच नसते. ती वाट पहिल्यांदा मिळते ती दाराला हात लावणाऱ्या माणसातून. आरसीबीओ तेव्हा तुटतो, परंतु झटका बसलेलाच असतो. त्यावरचे टेस्ट बटण दाबून समाधान मानणाऱ्यांना हे आवर्जून सांगतो की ते बटण आतल्या रोधातून यंत्रणा तपासते. अर्थ आहे की नाही, हे त्यातून अजिबात समजत नाही.

म्हणून ट्रेलरसोबत सव्वा मीटरची तांब्याचा लेप दिलेली सळई ठेवली आहे. सळईचा जमिनीशी असलेला रोध शंभर ओहम निघाला, तर फेज सांगाड्याला टेकल्यावर तिच्यातून फक्त २.३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा साधा एमसीबी त्याची दखलही घेणार नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीबीओला मात्र तो प्रवाह पुष्कळ झाला. सळई आणि आरसीबीओ हे दोन्ही मिळूनच संरक्षण होते, एकट्याने नाही. देशावरच्या काळ्या मातीत सळई सहज जाते आणि रोधही कमी मिळतो. कोकणात जांभ्यावर ती वीतभर जाऊन थांबते, तिथे विहिरीच्या किंवा न्हाणीच्या सांडपाण्याची ओली जागा शोधावी लागते.

सळई ठोकल्यावर आणि केबल जोडण्यापूर्वी एक मोजमाप मी कधीही टाळत नाही. मल्टिमीटरची एक तार सळईला आणि दुसरी यजमानाच्या सॉकेटमधल्या अर्थच्या भोकाला लावून व्होल्टेज पाहतो. ते एक-दोन व्होल्टपर्यंत असेल तर ठीक. त्याहून बरेच जास्त दिसले, तर घरातल्या अर्थिंगवर कुठून तरी वीज उतरत आहे असे समजावे. आरसीबीओ फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थ तोडत नाही; त्यामुळे त्या घरच्या पंपातला किंवा फ्रिजमधला दोष केबलच्या हिरव्या तारेतून थेट आपल्या सांगाड्यावर येऊ शकतो. अशा ठिकाणी केबल जोडायची नाही, यजमानाला दोष सांगायचा आणि रात्र बॅटरीवर काढायची. फेज ते अर्थ नुसते व्होल्टेज मोजून निश्चिंत होऊ नये, कारण मीटर इतका कमी प्रवाह घेतो की गंजलेल्या, जवळजवळ तुटलेल्या अर्थवरही तो २३० दाखवतो.

आरसीबीओनंतर कमी-जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा प्रोटेक्टर बसवला आहे. थ्री फेज पुरवठ्यातला न्यूट्रल तुटला की एका फेजवरचे व्होल्टेज २३० वरून ४००च्या दिशेने चढू शकते, आणि वळवाच्या वाऱ्यात खांबावरच्या तारा तुटणे आपल्याकडे नवे नाही. खालची मर्यादा १८५ आणि वरची २६० ठेवली. पुरवठा पूर्ववत झाल्यावर एसीच्या कॉम्प्रेसरसाठी तीन मिनिटांचा विलंब दिला.

वापरातला क्रम असा ठरला आहे : आरसीबीओ बंद, सळई जोडणे, मोजमाप, केबल पूर्ण उलगडणे, आधी ट्रेलरचा कनेक्टर, मग यजमानाचे सॉकेट, शेवटी आरसीबीओ चालू. निघताना हाच क्रम उलटा. इनलेटपाशी केबलला खाली झोल देतो, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून जमिनीवर पडते, इनलेटमध्ये शिरत नाही. पहिल्या तासाभराच्या पूर्ण भारानंतर टॉप, कनेक्टर आणि सॉकेट तिन्हींना पुरवठा बंद करून हात लावून पाहावा. आतापर्यंत कोमट झाले आहे ते यजमानाचे सॉकेटच. केबलची दोन्ही टोके थंड राहिली आहेत. सॉकेट तापले, तर शेगडी हजार वॉटवर आणून काम चालवतो.

पुढच्या टप्प्यात छतावरचे सोलर पॅनल आणि इन्व्हर्टर येणार आहेत. त्यांच्यासाठी दोन पोलांचा, मध्ये बंद स्थिती असलेला चेंजओव्हर स्विच आणून ठेवला आहे, जेणेकरून केबलमधून येणारी वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वेळी एका वायरवर येणार नाहीत. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल कुठे आणि कसा अर्थशी बांधायचा, हे निवडलेल्या इन्व्हर्टरच्या आतल्या रचनेवर अवलंबून आहे; त्याची आकृती मागवली असून ती हाती आल्यावर ती जोडणी मापांसह नोंदवीन.