नाणी विकायला काढली आहेत : ऑनलाइन लिलावाची नोंदवही, दुसरी खेप

पहिल्या खेपेचे पैसे खात्यात आले, काही लॉट (एक बोली लावून विकायचा नाण्यांचा गट) न विकता परत आले, आणि दुसऱ्या खेपेची नाणी सध्या जेवणाच्या टेबलावर पसरली आहेत. घरातले लोक ताटं मांडीवर घेऊन जेवताहेत, तर निदान नोंद तरी वेळेत लिहावी.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. संग्रह अर्धा सासऱ्यांचा, अर्धा माझा. कंपनी आणि ब्रिटिश काळातले रुपये, शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), थोडे संस्थानी तांबे आणि पन्नासनंतरची बरीच फुटकळ नाणी. मुलगा पुण्यात असतो, त्याला यात रस नाही आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. पण माझ्यामागे हे सगळं एका पिशवीत भरून इथल्या, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तोळ्यावर जाऊ नये, एवढी इच्छा आहे. शिवाय 2019 आणि 2021 च्या महापुरात ओळखीच्या संग्राहकांचे अल्बम पाण्यात गेलेले पाहिले आहेत. चांदी पाण्यातून वाचते, जुन्या नोटा आणि हाताने लिहिलेली पाकिटं वाचत नाहीत. पाकीट गेलं की नाणं कुठून आलं हे सांगणारं कुणी उरत नाही.

गुजरीचं नाव घेतलंच आहे तर तिथूनच सुरुवात करते, कारण काही माल मी खरंच तिथे दिला. काहींना हे वाचून राग येईल. पण हिशेब बघा. 1835 पासून 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. 1940 पासून निम्मीच चांदी, आणि 1947 चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चटकन चिकटतो. आता पंचम जॉर्जचे 1918 ते 1920 चे रुपये घ्या. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण पडली तेव्हा अमेरिकेने 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी आली. त्या काळातले रुपये अमाप. गुळगुळीत झालेला 1919 चा रुपया लिलावात टाकला तर कमिशन, टपाल, विमा जाऊन हातात चांदीपेक्षा कमीच पडतं. सराफ म्हणाले, "काकू, मोडीचा भाव देतो, इतिहासाचा नाही." मी म्हटलं, ठीक आहे. चांदीकामाच्या हुपरीत त्याचे पैंजण होतील. त्याआधी प्रत्येक रुपया भिंगाखाली पाहून घेतला होता. साल, टांकसाळीचं चिन्ह आणि काठ न पाहता एकही नाणं मोडीत देऊ नका.

उरलेल्यातून लिलावाला काय पाठवायचं, हे ठरवणं सगळ्यात जास्त वेळखाऊ निघालं. 1911 चा रुपया आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि सुमारे 94 लाख पाडलेल्यांपैकी सुमारे 7 लाखच बाहेर पडले, बाकीचे वितळवले. गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की प्रत्येकाला तो हवा असतो, आणि म्हणूनच बाजारात तो कायम असतो. 1939 चा मुंबईचा रुपया माझ्याकडे नाही. सासऱ्यांच्या पाकिटावर तसं लिहिलेलं होतं, पण भिंगाखाली शेवटचा आकडा उकरून बसवलेला दिसतो, मूळचा 1938. असे बरेच फिरतात. तो मी कुठेच पाठवलेला नाही, पाकिटावर "बनावट" लिहून बाजूला ठेवलाय.

शिवरायांवर थोडं थांबते, कारण पहिल्या खेपेत खरं आश्चर्य तिथे घडलं. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीकडे "छत्रपति". राज्याभिषेकापासूनची ही परंपरा, नंतर कितीतरी टांकसाळींतून आणि कितीतरी हातांनी चालत राहिली, त्यामुळे अक्षरांच्या तऱ्हा अगणित. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून एकाच नाण्यावर सगळी अक्षरं क्वचित सापडतात. एखाद्यावर "राजा" पूर्ण, "शिव" अर्धा. सर्वसाधारण शिवराई स्वस्त असते आणि बहुतेक लोक ती मूठभर एकत्र करून "मिश्र लॉट" म्हणून टाकतात. मी तसं केलं नाही. प्रत्येकीचं वजन दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत घेतलं, कोणती अक्षरं दिसतात ती लिहिली, दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) वेगळ्या काढल्या, आणि "शिव" ऐवजी "सिव" किंवा दीर्घ "शी" असलेल्यांचा स्वतंत्र लॉट केला. तोच लॉट बोली लावणाऱ्या दोघांनी धरून ठेवला. 1911 चा रुपया अंदाजित किमतीच्या खालच्या टोकालाच अडकला आणि तांब्याची ही शेजारीण वरच्या टोकाच्या पलीकडे गेली. लिलावघरातले म्हणाले, "मॅडम, यादी तुम्ही केलीत म्हणून. एरवी एवढं कोण बघतं?"

ऑनलाइन घेणाऱ्याला नाणं बोटात धरता येत नाही. वजन, फोटो आणि चार ओळी, याच्या बाहेरचं सगळं त्याच्या लेखी नाहीच. म्हणून फोटोवर मी आता जिवावर उदार होऊन वेळ घालवते. फोन स्टँडला अडकवायचा, फ्लॅश बंद, दोन दिवे डावी-उजवीकडून आणि त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर. चांदीला प्रकाश किंचित तिरका हवा, नाहीतर राजाचा गाल सपाट दिसतो. तांब्याला अजून थोडा जास्त तिरका. काठाचा फोटो वेगळा. ओरखडा असेल तर तो दिसलाच पाहिजे. तो लपला तर नाणं परत येतं आणि नाव खराब होतं ते वेगळं.

साफसफाई करू नका, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते. आपल्याकडे तांब्याचं काही दिसलं की हात चिंचेकडे जातो. नात्यातल्या एका मावशींनी कौतुकाने त्यांच्या देव्हाऱ्यातली शिवराई मला दाखवली, आरशासारखी लखलखीत. देवापुढे शोभते, लिलावात तिची किंमत अर्ध्याहून खाली. प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांचाही तोच ताप. पीव्हीसी असेल तर हिरवट चिकट थर चढतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो, पण नाण्यावर खूण उरली असेल तर उपाय नाही. आपल्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलाव्यातच.

कायद्याची बाजू थोडक्यात पण नीट. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे 1911 चा रुपया विकायचा तर गिऱ्हाईक भारतातलंच. पुरावशेषांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, म्हणून परवाना असलेल्या लिलावघरामार्फतच पाठवा आणि परवाना क्रमांक आधी मागून घ्या. आयकराचं तुमच्या सीएला विचारा.

आणि कोल्हापूरकरांसाठी एक खास बाब. सासऱ्यांच्या डब्यात शिशाची काही कुर नाणी (नावाच्या शेवटी "कुर" असलेल्या प्राचीन राजांची) आहेत. एका बाजूला धनुष्यबाण, दुसरीकडे टेकडी आणि कठड्यातलं झाड. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर, ही तिन्ही नावं आपल्या भागातल्या नाण्यांवरूनच जगाला कळली. एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने पुन्हा ठसा मारला, म्हणून कोण आधी आणि कोण नंतर हेही लागलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तिथलं बरंचसं टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहता येतं. पण माझ्या डब्यातली नाणी कुठून आली, याची चिठ्ठी नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कागद नसलेलं जमिनीतलं नाणं मी बाजारात उतरवणार नाही, कितीही बोली येवो. सध्या ती लाकडी कपाटातून काढून काचेच्या डबीत ठेवली आहेत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून भुरभुरतं.

आता पैशाचं. समजा हातोडा 10,000 वर पडला आणि विकणाऱ्याचं कमिशन 10 टक्के ठरलंय. हातात 9,000. घेणारा वर 15 टक्के प्रीमियम आणि कर देतो, ते आपल्याला लागत नाही असं वाटतं. पण तो बोली लावताना ते मनात वजा करूनच लावतो. दोन्ही कमिशनं शेवटी विकणाऱ्याच्या अंगावर येतात, तेव्हा घासाघीस दोन्हींचे आकडे बघूनच करा. न विकलेल्या लॉटचं शुल्क, परतीचं टपाल, आणि पैसे किती आठवड्यांत मिळणार, हे सगळं लेखी घ्या. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, मी जवळजवळ कुठेच ठेवली नाही. जिथे ठेवली तेच लॉट परत आले.

लिलावाच्या संध्याकाळी फारसं काही करायचं नसतं. आधीच्या बोली दिवसभर झोपलेल्या असतात, खरी हालचाल शेवटच्या काही मिनिटांत होते. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे घात करून कुणी नाणं पळवू शकत नाही. मी भाकरी थापत होते आणि मुलगा फोनवरून आकडे वाचत होता. रस नाही म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात बराच रस होता.

आपण विकतोय हे गल्लीत कळलं की आणखी एक गोष्ट होते. लोक 2012 चं वैष्णोदेवीचं नाणं घेऊन दारात उभे राहतात, मोबाईलवर बघून आलेले असतात की याचे लाखो मिळतात. एका दादांकडून तर "नोंदणी शुल्क" म्हणून आगाऊ पैसेही उकळले होते, रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचा कागद दाखवून. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नसते आणि असलं कमिशन किंवा शुल्क कधीच मागत नाही. ते निवेदन मी छापून ठेवलंय, आलेल्याच्या हातात देते. खरं लिलावघर विकायच्या आधी पैसे मागत नाही.

दुसऱ्या खेपेत 1835 चे विल्यमचे रुपये आणि 1840 चे व्हिक्टोरियाचे जाणार आहेत. 1840 मध्ये अक्षरं डोक्यावरून सलग गेलेली आणि दोन बाजूंना तुटलेली असे दोन प्रकार आहेत, ते वेगळे लॉट. 1835 मध्ये मानेखाली "आरएस" किंवा "एफ" (टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं) आहे की नाही, आणि "एफ" उठावाचा की खोलगट, हे बघून लावायचंय. झिजलेल्या नाण्यावर ते अक्षर फोटोत येतच नाही. दिवा जवळजवळ टेबलाला टेकवून एक प्रयोग चालू आहे, जमलं तर कोनासकट लिहीन. 1862 च्या रुपयांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. तेच साल 1874 पर्यंत पाडत राहिले आणि ठिपक्यांवरून प्रकार लावायचे म्हणजे डोळ्यांची परीक्षा. कुणी ठिपक्यांची स्वतःची यादी केली असेल तर वजनांसकट पाठवा, मी माझी पाठवते.

पन्नासनंतरची फुटकळ नाणी लिलावात जाणार नाहीत. नया पैसा, 1964 चा नेहरूंचा रुपया, हे सगळं शाळेतल्या मुलांसाठी बाजूला काढलंय. घ्यायला येताना पालकांनी वही आणावी. नाणं वहीत नोंद केल्यावरच हातात मिळेल.